बाजारास जाण्यापूर्वी

संसार बुडतो तो मोठ्या खर्चाने बुडतो, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. लग्नकार्य, आजारपण, बैल दगावणे ही कारणे आपण बोटांवर मोजून सांगतो, आणि ती खोटी नाहीत. परंतु आठवड्याच्या बाजारात व वाण्याच्या दुकानात जो पैसा चिमूटचिमूट निघून जातो, त्याची मोजदाद कोणी करीत नाही. आजच्या धड्यात आपण त्याचाच विचार करू.

प्रथम एक जुनी हकीकत ऐका. पुणे जिल्ह्यात सुपे हे बाजाराचे गाव आहे. सन १८७५ च्या मे महिन्याच्या १२ तारखेस आसपासच्या खेड्यांतील शेतकरी तेथे जमले. त्यांनी दुकानदार व सावकार यांच्याकडून वह्या व कर्जरोखे मागितले व ते जाळले. धान्याची दुकानेही लुटली. हे लोण तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातही पोहोचले, आणि सन १८७९ मध्ये सरकारास दख्खनच्या शेतकऱ्यांस कर्जातून दिलासा देणारा कायदा करावा लागला. लूट व जाळपोळ यांचे समर्थन आम्ही करीत नाही. तथापि लोकांचा राग वहीवरच का निघाला, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. वहीत काय लिहिले आहे हे त्यांतील पुष्कळांस वाचता येत नव्हते, आणि ताडून पाहावयास त्यांच्यापाशी स्वतःची वही नव्हती.

आज आपल्यापैकी बहुतेकांस वाचता येते. पण पुष्कळ घरांचा हिशेब अजून दुकानदाराच्या वहीतच आहे! मुलास चिठ्ठी देऊन पाठवावे, माल आणावा, आणि किती झाले ते महिनाअखेर दुकानदाराने सांगावे, अशी रीत आमच्या पाहण्यात येते. दुकानदारास दोष देणे सोपे आहे. पण अडल्यावेळी तोच माल देतो, व त्याचाही पैसा त्यात अडकून पडतो, हे विसरू नये. उधारीची खरी हानी निराळीच आहे. ज्याच्याकडे बाकी थकली आहे, त्यास भाव विचारण्याचा संकोच वाटतो. तूर जुनी निघाली तरी ती परत करण्याचे धैर्य होत नाही. आणि दुसऱ्या दुकानी स्वस्त मिळत असले तरी तिकडे पाऊल वळत नाही. पैशाबरोबर त्याचे स्वातंत्र्यही गहाण पडते.

यातून सुटण्यासाठी पुढील पाच गोष्टी पाळाव्या.

पहिली, यादी घरी करावी. बाजाराच्या आदल्या रात्री घरधन्याने व घरधनिणीने मिळून डबे उघडून पाहावे आणि जे संपले तेवढेच लिहावे. स्वस्त धान्याचा हक्क असल्यास ते धान्य आधी जमेस धरावे. सन २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबास माणशी ५ किलो व अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्य दरमहा मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून त्यास दाम पडत नाही.

दुसरी, रक्कम ठरवून तेवढीच बरोबर न्यावी. अलीकडे मोबाइलवरून पैसे देण्याची सोय झाली आहे. सोय चांगली, पण हातातली नोट सुटताना जो विचार मनात येतो तो तेथे येत नाही. म्हणून तसे पैसे देणाऱ्याने यादीपुढे रक्कम लगेच लिहावी.

तिसरी, भाव वजनावरून पाहावा. समजा, चहाची पाव किलोची पुडी ७० रुपयांस व किलोची २६० रुपयांस आहे. पाव किलोच्या चार पुड्यांस २८० रुपये पडतात, म्हणजे किलोमागे २० रुपये अधिक. परंतु मोठे ते स्वस्तच असते असे नाही. हिशेब करूनच घ्यावे, आणि खराब होणारा जिन्नस अधिक घेऊ नये. बंद पुड्यावर निव्वळ वजन व कमाल किंमत छापलेली असते. त्याहून अधिक घेण्याचा अधिकार कोणास नाही. वजनकाट्यावर पडताळणीचा शिक्का असावा लागतो, तोही पाहावा.

चौथी, हंगाम साधावा. उन्हाळ्याच्या तोंडी ज्वारी, गहू व तूर नवी येतात. आपल्या वडीलधाऱ्यांनी तेव्हाच वर्षाची बेगमी केली, धान्यास कडक ऊन दिले, कडुनिंबाचा पाला घालून ते कणगीत भरले. सर्वांस वर्षाचे साधणार नाही. पण पावसाळ्यात काम नसते त्या दोन महिन्यांपुरते भरून ठेवले, तरी उधारीचे दार बंद होते.

पाचवी, स्वतःची वही ठेवावी. एका बाजूस आलेली मजुरी, दुसऱ्या बाजूस गेलेला पैसा. रोज १० रुपये फुटकळ खाऊवर गेले तर वर्षास ३,६५० रुपये होतात, हे वहीवाचून ध्यानात येत नाही. आम्हीही यादीवाचून बाजारास जाऊन, मीठ विसरून व नको ते घेऊन घरी आलो आहो. म्हणून हे अनुभवाने लिहितो.

ज्यांची बाकी आधीच थकली आहे त्यांनी काय करावे? दुकान चुकवून मागच्या वाटेने जाऊ नये. दुकानदारापाशी बसून बाकी किती ते विचारावे, आपल्या वहीत लिहावे, आणि त्याच्याशी बोलून दर बाजारी थोडी ठराविक रक्कम फेडण्याचे ठरवावे. नवा माल मात्र रोखीनेच घ्यावा, मग तो अर्धा का येईना. प्रथम काही आठवडे ताटात उणे दिसेल. परंतु बाकी दर आठवड्यास घटताना स्वतःच्या अक्षरात दिसू लागली, म्हणजे मनुष्यास जो धीर येतो तो काही निराळाच असतो.

शिक्षकांनी हा धडा सायंकाळच्या बैठकीत वाचून दाखवावा व पुढील प्रश्न विचारावे :

१. सुप्याच्या शेतकऱ्यांपाशी कोणती वस्तू नव्हती?
२. उधारीने पैशावाचून आणखी काय जाते?
३. गेल्या बाजारी यादीबाहेरचे आपण काय घेतले, व त्यास किती पडले?
४. पुढील बाजारापूर्वी आपल्या घरी वही कोण लिहील?