वेगचाचणीचा आकडा नेमका कोणाचा?

घरी इंटरनेट जोडणी देताना सेवादाता १०० किंवा २०० मेगाबिट प्रतिसेकंद वेग सांगतो. प्रत्यक्षात आतल्या खोलीतून मोबाइलवर वेगचाचणी घेतली, तर आकडा ४०च्या पुढे सरकत नाही. अशा वेळी ग्राहकाला फसवणुकीची शंका येते किंवा अधिक महागडी योजना घेण्याचा मोह होतो. हे दोन्ही निष्कर्ष घाईचे ठरू शकतात. वेगचाचणी केवळ सेवादात्याच्या तारेचा वेग मोजत नाही. चाचणीचा सर्व्हर, तार, राउटर, हवेतील रेडिओलहरी आणि हातातील उपकरण अशी ही साखळी असून, तिच्यातील सर्वांत दुबळ्या कडीचा वेग पडद्यावर उमटतो.

एककांची गफलत

योजनेतील वेग मेगाबिटमध्ये, तर फाइल उतरवून घेतानाचा वेग बहुधा मेगाबाइटमध्ये दाखवला जातो. ८ बिट म्हणजे १ बाइट. म्हणून १०० मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला फार तर १२.५ मेगाबाइट उतरतात. ही त्रुटी नव्हे, केवळ गणित होय.

लहरी आणि भिंती

घरगुती वाय-फाय प्रामुख्याने २.४ व ५ गिगाहर्ट्‌झ या दोन पट्ट्यांत चालते. पहिल्या पट्ट्यातील लहरी दूरवर पोहोचतात. परंतु तेथे गर्दी फार. ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह भट्टी आणि शेजाऱ्यांचे राउटर याच पट्ट्यात वावरतात. त्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या १, ६ आणि ११ अशा तीनच असल्याने दाट वस्तीच्या गृहसंकुलात अडथळा अटळ ठरतो. ५ गिगाहर्ट्‌झचा वेग अधिक, मात्र काँक्रीटच्या भिंतींपुढे तो लवकर क्षीण होतो. लोखंडी कपाट, मोठा आरसा व पाण्याची टाकीही लहरी अडवतात. यास्तव राउटर कपाटात किंवा दूरचित्रवाणी संचामागे न ठेवता घराच्या मध्यभागी, उंचावर ठेवावा.

शिवाय एका वाहिनीवर एका वेळी सामान्यतः एकच उपकरण बोलू शकते. इतरांना थांबावे लागते. घरात कोणी चित्रपट पाहत असेल, तर चाचणीचा आकडा घसरणारच. अनोळखी व्यक्तीने जोडणी वापरल्यासही तेच घडते. म्हणून वाय-फायचा संकेतशब्द अवघड असावा.

उपकरण, सर्व्हर आणि वेळ

जुना मोबाइल केवळ २.४ गिगाहर्ट्‌झवर चालत असल्यास नवी योजना निरुपयोगी ठरते. राउटरची तारजोडणी १०० मेगाबिट क्षमतेची असेल, तर २०० मेगाबिटच्या योजनेतही सुमारे ९५च्या पुढे जाता येत नाही. दूरचा सर्व्हर आणि सायंकाळची वर्दळ यांचाही परिणाम होतो.

चाचणी कशी घ्यावी?

प्रथम इतर उपकरणे बंद करून संगणक तारेने राउटरला जोडावा व चाचणी घ्यावी. त्यानंतर राउटरच्या खोलीत आणि शेवटी नेहमीच्या जागी वाय-फायवर तीच चाचणी, त्याच सर्व्हरवर, तीन-तीनदा घ्यावी. तारेवर पुरेसा वेग मिळून वाय-फायवर घटत असेल, तर दोष घरातच आहे. राउटर, तार व संगणक पुरेशा क्षमतेचे असूनही तारेवर वेग कमी असेल, तर दिनांक, वेळ व आकडा नोंदवून सेवादात्याकडे तक्रार करावी. अशा नोंदींमुळे तक्रारीला बळ येते.

केवळ मोठा आकडा म्हणजे उत्तम जोडणी, असेही नाही. जानेवारी २०२०मध्ये रिझर्व्ह बँकेने चित्रफितीद्वारे ग्राहक-ओळख पटवण्याची पद्धत मान्य केली. अशा संभाषणाला शेकडो मेगाबिटची गरज नसते. स्थिर जोडणी, पुरेसा अपलोड वेग आणि अल्प विलंब पुरेसा असतो. म्हणून चाचणीत हे आकडेही पाहावेत. दुबळी कडी कोणती, हे कळल्यावर कित्येकदा राउटरची जागा बदलूनच काम भागते आणि दरमहाचा वाढीव खर्च वाचतो.