कुत्र्यांच्या अंगावरील गांठी व त्यांची परीक्षा

घरच्या कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवितांना एखादे वेळीं कातडीखालीं गांठ लागते. कोणी म्हणतो, "चरबीची असेल". कोणी चुना लावावयास सांगतो. आणि ती दुखत नाहीं म्हणून पुष्कळ जण स्वस्थ बसतात. हा स्वस्थपणा कधीं कधीं त्या मुक्या प्राण्याच्या जिवावर बेततो. यास्तव अशा गांठींचें निदान कसें करितात, तें आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

सर्वच गांठी घातक नसतात. उतारवयांत होणारी चरबीची गांठ मऊ असून बोटाखालीं सरकते व बहुधा निरुपद्रवी असते. तरुण कुत्र्यांच्या डोक्यावर अगर कानावर उठणारी बटणासारखी तांबडी गांठ पुष्कळदां आपोआप जिरते. परंतु या दोहोंचें सोंग घेणारी तिसरी एक गांठ आहे. ती 'मास्ट' नामक पेशींची. या पेशींचें वर्णन पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञानें इ. स. १८७८ मध्यें केलें. त्या निरोगी कातडींतही असतात व त्यांच्या पोटांत हिस्टॅमिन आदि द्रव्यांचे कण असतात. त्यांची घातक वाढ झाली म्हणजे ही गांठ होते. ती चोळली असतां हीं द्रव्यें बाहेर पडून ती सुजते व पुढें ओसरते. ओसरली म्हणजे बरी झाली, असें समजणें ही मोठी फसगत होय. बॉक्सर व पग या जातींत ती विशेष आढळते.

मग खरें काय तें कसें कळावें? पशुवैद्य प्रथम गांठीचें माप घेतो. नंतर बारीक सुईनें तींतील थोड्या पेशी काढून काचेच्या पट्टीवर पसरतो व रंग देऊन सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहतो. चरबीच्या गांठींत तेलकट थेंब दिसतात; मास्ट गांठींत जांभळ्या कणांनीं भरलेल्या वाटोळ्या पेशी दिसतात. यास बहुधा भूल द्यावी लागत नाहीं. रोग किती उग्र आहे हें मात्र गांठीचा तुकडा अगर काढलेली सबंध गांठ तपासल्यावरच ठरतें. पेशी किती वेगानें विभागत आहेत व कापलेली कड निर्दोष आहे कीं नाहीं, हें तेव्हां पाहतात. जवळच्या रसग्रंथींचीही परीक्षा करितात.

विद्यार्थ्यांनीं महिन्यांतून एकदां आपल्या कुत्र्याचें सर्वांग हातानें चांचपून पाहावें. गांठ लागल्यास तिची जागा, आकार व तारीख लिहून ठेवावी आणि वडील मंडळींस सांगावें. ती दाबूं नये, डागूं नये, तीवर कांहीं लावूं नये, पशुवैद्याकडे न्यावें. ज्यास आपलें दुःख बोलून दाखवितां येत नाहीं, त्याचें दुःख शोधून काढणें हें त्यास पाळणाऱ्याचें कर्तव्य होय.