तुटलेली चावी आणि आपली घाई

गुरुवारी तिगावला सत्संग आटोपून निघालो, तर गाडीच्या साखळीच्या कुलपात चावीच तुटली. घरी आईच्या औषधाची वेळ झालेली. चिडून चाकूचं टोक खुपसलं, तुकडा आणखी आत गेला.

मग शांत झालो. बारीक पेचकसाने कुलपाची खाच सरळ केली. चावी जिथून आत जाते, तिथूनच बाहेर येते. पेन्सिलीच्या शिशाची भुकटी टाकली. बारीक करवतीचं पातं, दाते आपल्याकडे ठेवून, चावीच्या कडेने सरकवलं आणि हळूच ओढलं. तुकडा निघाला! दोन्ही तुकड्यांवरून पांढुर्ण्याला नवी चावी बनली.

खायचं तेल किंवा फेविक्विक टाकू नका, कुलूप जाम होतं.

घरातला अबोलाही असाच. जोर लावू नका. जिथं अडलं, तिथं परत या.
जय गुरुदेव 🙏