नीलला साडेतीन तास?

अगं, तू पाठवलेला तो अंदमानच्या सहलीचा तक्ता परत एकदा वाचला. पाच रात्री, सहा दिवस. सेल्युलर जेल, रॉस, बारातांग, हॅवलॉक, आणि नील बेटाला किती, तर साडेदहा ते दोन. तेही जेवण धरून! वाचतानाच मला दम लागला.

रागावू नकोस. पहिल्या वेळी मीही हेच केलं होतं. बोटीतून उतरलो, भरतपूरच्या किनाऱ्यावर आलो, तर समोर पाणी पोटरीएवढं. ऐन ओहोटी. दूरवर खडक उघडे पडलेले आणि त्यावर माणसं चपला घालून फोटो काढतायत. ते खडक म्हणजे जिवंत प्रवाळ, हे मला तेव्हा ठाऊकही नव्हतं. भाड्याचा मास्क लावून दहा मिनिटं पाण्यात तोंड घातलं. दिसलं काय, तर स्वतःच्याच श्वासाने धुरकटलेली काच. वर येऊन नारळपाणी प्यायले आणि घरी येऊन सगळ्यांना सांगितलं, ‘अप्रतिम हो, अप्रतिम!’ तुलाही सांगितलं होतं. थाप होती ती.

तीन वर्षांनी पुन्हा गेले ते फक्त नीलसाठी, चार रात्री. तेव्हा कुठे कळलं की तिथलं वेळापत्रक समुद्र लावतो. म्हणून सांगते, बारातांग काढून टाक, जेल आणि रॉस एका दिवसात बसव आणि उरलेल्या रात्री नीलला दे. फक्त परतीच्या विमानाच्या आदली रात्र पोर्ट ब्लेअरलाच ठेव. हवा बिघडली की बोटी रद्द होतात आणि विमान काही तुझी वाट बघत थांबत नाही. आणि हो, कागदोपत्री आता पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालंय, २०१८ पासून हॅवलॉक स्वराज द्वीप आणि नील शहीद द्वीप. धक्क्यावर मात्र सगळे जुनीच नावं घेतात, तेव्हा तिकीट बघून गोंधळू नकोस.

नील बेट केवढंसं, तर सायकलवर टोकापासून टोकापर्यंत जाता येईल एवढं. गावांची नावं रामायणातली: रामनगर, भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर. फाळणीनंतर वसवलेली बंगाली कुटुंबं तिथे भाजीपाला पिकवतात, तोच पोर्ट ब्लेअरच्या बाजारात जातो. राहायला साध्या खोल्या मिळतात. वीज जाते, पंखा थांबतो, नळाचं पाणी कधी मचूळ लागतं. भाऊजींना गरम पाण्याचा शॉवर लागतो ना? मग आत्ताच सांगून ठेव, तिथे जाऊन भांडू नका. रोख पैसे जवळ ठेव, नेहमीची औषधं इथूनच ने. घड्याळ आपलंच असलं तरी सूर्य आपला नाही. डिसेंबरात पाचच्या सुमारास मावळतो आणि सकाळी साडेपाचला लख्ख उजाडतं. नऊला उठून पोहे मागवणाऱ्यांचा तिथे निम्मा दिवस गेलेला असतो.

आता भरतीचं ऐक. आपल्याकडे कोकणात तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, म्हणजे चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. ते गणित तिथे लावत बसू नकोस, तिथली भरती वेगळ्या वेळी येते. खोलीच्या मालकाला रोज रात्री विचारायचं, ‘उद्या पाणी कधी चढतंय?’ त्याला तोंडपाठ असतं. पाणी चढत असताना, पूर्ण भरायच्या तासाभर आधी आत शिरायचं. प्रवाळावर पाय न टेकवता तरंगता येईल एवढं पाणी असतं आणि ओढ किनाऱ्याकडे असते. जमलं तर पौर्णिमा-अमावास्या टाळून अष्टमीच्या आसपासचे दिवस धर. उधाणाला ओहोटी फार मागे जाते आणि पाण्याला जोरही असतो. तुला पोहता येत नाही हे मला माहीत आहे. लाइफ जॅकेट घाल, स्थानिक माणूस बरोबर घे, त्यात कसली आलीय लाज! आणि खाडीच्या तोंडाशी, खारफुटीजवळ उतरू नकोस. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. पाटी लावलेली असेल तर ती तुझ्यासाठीच आहे असं समज.

कपड्यांचं तू फोनवर अर्धवट बोललीस, पुढे गप्प झालीस. मला कळलं. पोट सुटलंय, मांड्या दिसतील, नणंद बरोबर आहे. तर ऐक, पंजाबी ड्रेस घालून पाण्यात जाऊ नकोस. भिजलेली ओढणी आणि सलवार पायात अशी काही गुंडाळते की तरंगणारी बाईसुद्धा घाबरते. लांब बाह्यांचा अंगाबरोबरचा स्विमिंगचा टॉप आणि घोट्यापर्यंतची लेगिंग मिळते, ती घे. सगळं झाकलंही जातं आणि पाठ भाजत नाही. पालथं तरंगताना ऊन पाठीवर आणि पोटऱ्यांवर बसतं, हे पाण्यात कळतच नाही, रात्री कळतं. पाळीची तारीख बघूनच तिकिटं काढ. मंगळसूत्र खोलीत ठेव. हरवलं तर तू चार दिवस त्याचंच दुःख करशील.

मास्क कपाळापासून वरच्या ओठापर्यंत नुसता टेकवून बघायचा आणि पट्टा न लावता नाकाने हलकेच श्वास ओढायचा. चिकटून राहिला तर तो तुझा. एक जरी बट आत अडकली तरी पाणी शिरतं, म्हणून केस घट्ट मागे बांध. भाऊजींच्या मिशांमधूनही पाणी शिरणार, वरच्या ओठाला व्हॅसलीन लावायला सांग. काचेला आतून थुंकी लावून पाण्यात एकदा विसळायची, धुकं धरत नाही. तोंड वाकडं करू नकोस, सगळे तेच करतात. मग कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून नुसता चेहरा बुडव आणि नळीतून तोंडाने सावकाश श्वास घे. पहिली दोन मिनिटं छाती धडधडते, वाटतं, आता संपलं. थांब तिथेच. श्वास सोडताना मनात चार मोज. नळीत पाणी आलं तर जोरात फुंकर मारायची, चुलीत फुंकणीने मारतात तशी.

आणि मग काहीच करायचं नाही. हातपाय मारू नकोस, माशांच्या मागे धावू नकोस. मी त्या दुसऱ्या खेपेला एका सकाळी एकाच खडकावर अर्धा तास तरंगत होते. आधी कानात बारीक कुर्र कुर्र ऐकू आलं, कुणी दाताने खडीसाखर फोडावी तसं. बघते तर हिरवा-निळा पोपटमासा, चोचीसारख्या दातांनी खडकावरचं शेवाळ खरवडत होता. खडकाचा चुरा पोटात जातो आणि मागून पांढऱ्या रेतीची धार पडते. माझ्या डोळ्यांदेखत पडली! ज्या वाळूत मी टॉवेल पसरला होता, त्यातली काही अशीच तयार झालेली. मला पाण्यातच हसू फुटलं आणि नाकात पाणी गेलं.

फोटोत दिसतात तसे रंग मात्र शोधू नकोस. पाणी लाल रंग आधी गिळतं आणि प्रवाळ मुळातच बरेचसे तपकिरी, खाकी असतात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं, तेच त्यांना रंग देतं आणि बरंचसं अन्नही पुरवतं. पाणी फार तापलं की ते शेवाळ निघून जातं आणि प्रवाळ पांढरे पडतात. २०१० साली अंदमानात असं मोठ्या प्रमाणावर झालं होतं. काही सावरले, काही मेले. मेलेल्या फांद्यांचे तुकडे किनाऱ्यावर पसरलेले दिसतील, फार सुरेख असतात. पण पर्समध्ये टाकू नकोस. वन्यजीव कायद्याखाली तो गुन्हा आहे आणि विमानतळावर सामान तपासताना सापडतं. माझ्यासमोर एका आजींची पिशवी उघडली होती. नातवासाठी घेतलेले तुकडे होते. त्या रडवेल्या झाल्या होत्या, बघवेना.

बरं, भाड्याचा मास्क घेऊ नकोस, माझाच ने. रविवारी येशील तेव्हा देते. कपाटाच्या वरच्या खणात, आईच्या जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलाय. पट्टा जरा सैल झालाय, तो मात्र जाण्याआधी बदलून घे.