उपरोधाचा आस्वाद : हेल, संदर्भ आणि लक्ष्य

पेणहून नागोठण्याकडे निघालेली एसटी कासूजवळ खड्ड्यांतून हेलकावे खात चालली आहे, अशी कल्पना करा. शेजारचा प्रवासी म्हणतो, ‘काय रस्ता आहे! पोटातले पाणी हलत नाही.’ वाक्यात निंदेचा एकही शब्द नाही. तरीही सारी गाडी हसते.

मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणातील पळस्पे ते इंदापूर हे ८४ किलोमीटरचे काम २०११ मध्ये सुरू झाले. पुढे कासूपाशी त्याचे दोन टप्पे पाडण्यात आले आणि तरीही ते वर्षानुवर्षे रखडले. हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच त्या स्तुतीतील काटा जाणवतो. परगावच्या पाहुण्याला ती खरीच स्तुती वाटेल. उपरोधाचा अर्थ केवळ शब्दांत नसतो. शब्द आणि बोलणाऱ्या-ऐकणाऱ्यांना ज्ञात असलेले वास्तव यांच्यातील विसंगतीत तो असतो. स्तुतीच्या मिषाने केलेल्या अशा निंदेला संस्कृत साहित्यशास्त्राने ‘व्याजस्तुती’ म्हटले. वक्रोक्तीचा विचार करताना मम्मटाने श्लेषाबरोबर ‘काकू’चाही आधार सांगितला. काकू म्हणजे आवाजाचा विशिष्ट हेल. (नात्यातील काकू नव्हे, अर्थात त्यांच्याकडेही हे शस्त्र बहुधा असतेच.)

छापील मजकुरात हा हेल ऐकू येत नाही. म्हणून लेखक अन्य खुणा पेरतो : अवाजवी स्तुती, फाजील गांभीर्य, भाबडा निवेदक. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या ‘सुदाम्याचे पोहे’मधील सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या हे जुन्या रूढींचा कैवार इतक्या निष्ठेने घेतात, की त्या रूढीच हास्यास्पद ठरतात. सुदाम्याचे मत तेच कोल्हटकरांचे, असे मानणारा वाचक वरील पाहुण्यासारखाच फसतो.

याहून नाजूक प्रश्न लक्ष्याचा आहे. एसटीतील तेच वाक्य काम रखडवणाऱ्यांना उद्देशून असेल, तर तो उपरोध होय. ज्याला अन्यत्र कोणी विचारत नाही, अशा प्रवाशाची ती तक्रारच असते. मात्र भर उन्हात खड्डे बुजवणाऱ्या मजुराला ते ऐकवले, तर ती निव्वळ कुचेष्टा ठरते. शब्द बदललेले नाहीत, आस्वाद मात्र बदलतो.

स्वाध्याय : आपल्या परिसरात ऐकलेले एक उपरोधिक वाक्य जसेच्या तसे लिहा. परगावच्या व्यक्तीस ते कळण्यासाठी कोणती माहिती पुरवावी लागेल, हे चार ओळींत सांगा. स्पष्टीकरणानंतर हसू टिकते का, तेही नोंदवा.