सायकलचं चाक बांधताना : सुटे भाग कसे निवडावेत? (इयत्ता 9 वी व 10 वी, गणित-विज्ञान एकत्रित पाठ)



मागच्या वर्षी पावसाळा संपता संपता माझ्या सायकलच्या मागच्या चाकाचा स्पोक तिसऱ्यांदा तुटला. उतार होता आणि कॅरिअरवर माझी आठ वर्षांची मुलगी बसली होती. चाक लचकलं, रिम ब्रेकच्या रबराला घासून अडकली आणि आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला पडलो. मुलीचं कोपर सोलवटलं, त्यापलीकडे काही झालं नाही. पण आधीच्या दोन्ही वेळा मी दुकानात जाऊन "एक स्पोक टाका" एवढंच म्हणालो होतो. तो का तुटतो, हे विचारलंच नव्हतं. गणित-विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला याची लाज वाटायला हवी, आणि वाटलीही.

मग ठरवलं, तयार चाकं आणायची नाहीत. रिम, हब, स्पोक सुटे निवडायचे आणि मिस्त्रीकाकांकडून जोडी बांधून घ्यायची. निवड मात्र दहावीच्या वर्गाने करायची, कारणांसकट. तीन तासिकांत झालेला हा पाठ तुमच्यासाठी देत आहे.

साहित्य : एक जुनं चाक, दोन जुने स्पोक, मोजपट्टी, दोरी, वही.

तासिका 1 : सायकल स्पोकवर उभी असते की लटकलेली?

पहिला प्रश्न हाच विचारला. वर्गाचं उत्तर आलं, "उभी असते." एका मुलाच्या हातात सुटा स्पोक देऊन टेबलावर उभा दाबायला सांगितलं. तो लगेच वाकला. मग दोघांना तोच स्पोक दोन बाजूंनी ओढायला लावला. काहीच झालं नाही. 2 मिमी जाडीची तार दाब सोसत नाही, ताण सोसते. म्हणून चाक बांधताना सगळे स्पोक आधीच घट्ट ताणून ठेवतात. वजन आलं की जमिनीकडच्या चार-पाच स्पोकांचा ताण थोडा कमी होतो, ते वर गेले की पुन्हा पूर्ववत होतो.

आता गणित. माझ्या चाकाचा परीघ सुमारे 2.1 मीटर. घर ते शाळा जाऊन-येऊन 26 किमी. 26000 ÷ 2.1 म्हणजे जवळजवळ 12,400 फेरे. म्हणजे प्रत्येक स्पोक दिवसाला 12,400 वेळा सैल-घट्ट होतो. एखादी तार पुन्हा पुन्हा वाकवून तोडतो ना, तसाच प्रकार. स्पोक मुळातच सैल असेल, तर प्रत्येक फेऱ्याला तो पूर्ण ढिला पडून हबपाशी हलतो आणि तिथल्या वाकणातच तुटतो. माझे तिन्ही स्पोक तिथेच तुटले होते. तुटलेला बदलला, पण बाकीचे सैलच राहिले. खरी चूक ती होती.

मुलांना चाकाचे स्पोक बोटाने छेडायला सांगा. एकाच बाजूच्या स्पोकांचा आवाज सारखा आला, तर ताण सारखा. आमच्या जुन्या चाकाचा आवाज तर बिघडलेल्या सतारीसारखा येत होता!

तासिका 2 : आधी ओझं आणि रस्ता, मग सुटे भाग

फळ्यावर लिहिलं : मी 76 किलो, मुलगी 24, दप्तर-वह्या 9, सायकल 16. एकूण 125 किलो. रस्ता खडीचा, खड्डे भरपूर. ब्रेक रबराचे, रिमवर लागणारे. मग पाच गट केले आणि प्रत्येक गटाला एक भाग दिला.

*स्पोकांची संख्या.* एका गटाने मोजक्या स्पोकांची चकचकीत रिम सुचवली. "सर, हलकं चाक जोरात पळतं." चूक नाही, पण ते शर्यतीच्या सपाट रस्त्यावर. 20 स्पोकांच्या चाकात एक तुटला तर रिम बरीच लचकते. 36 मधला एक तुटला तर बहुतेक वेळा हळूहळू घरी पोचता येतं. मुलांना गावातल्या जुन्या काळ्या सायकलींचे स्पोक मोजायला पाठवलं. बहुतेकींना पुढे 32 आणि मागे 40 मिळाले. मागच्या चाकावर जास्त ओझं येतं, हे त्या बांधणाऱ्यांना ठाऊक होतं. आम्ही मागे 36 ठरवले.

*हब.* तीन गोष्टी जुळायला हव्यात : फ्रेमच्या मागच्या चिमट्याचं अंतर (माझ्या सायकलला 135 मिमी), भोकांची संख्या आणि गिअरचा प्रकार. फिरकीने बसणाऱ्या फ्रीव्हीलच्या हबात उजवीकडचे छर्रे बरेच आत असतात, त्यामुळे एक्सलचा लांब तुकडा आधाराशिवाय राहतो आणि जड ओझ्याने वाकू शकतो. कॅसेटच्या हबात छर्रे बाहेरच्या टोकाजवळ असतात. म्हणून मागे कॅसेटचं हब. पुढचं जुनं हब ठणठणीत होतं. ते साफ करून, ग्रीस भरून तेच ठेवलं. पण त्याला भोकं 32, म्हणून पुढची रिमही 32 भोकांचीच घ्यावी लागली. एक भाग ठरला की पुढचा आपोआप बांधला जातो.

*रिम.* टायर बसतो त्या जागेचा व्यास 622 मिमी, दुहेरी भिंतीची, बाजूला ब्रेकसाठी सपाट पट्टी असलेली आणि 35 मिमीचा टायर नीट बसेल एवढी रुंद. थोडा रुंद टायर धक्के स्वतः पचवतो आणि स्पोकांना जपतो.

*स्पोक.* गटाचं मत, "सगळ्यात जाड घ्या." इथे मिस्त्रीकाकांनी वर्गाला दुरुस्त केलं. "बाळांनो, स्पोक तुटतो तो डोक्यापाशी, मधे नाही." म्हणून टोकांना 2 मिमी आणि मधे 1.8 मिमी असे स्पोक मिळतात. मधला बारीक भाग किंचित ताणतो आणि वाकणावरचा भार हलका करतो. आम्ही असे स्टेनलेस स्टीलचे घेतले, पावसात गंजायला नकोत.

*निपल,* म्हणजे स्पोकच्या टोकावर फिरणारी नळी. अ‍ॅल्युमिनियमची हलकी असते, पण ओलाव्याने खराब होऊन अडकू शकते. आम्ही पितळेची घेतली. सोबत रिमपट्टी, नाहीतर भोकांच्या कडा ट्यूबला पंक्चर करतात.

तासिका 3 : स्पोकची लांबी काढणे

सगळं बरोबर निवडलं आणि लांबी चुकली, तर पैसे वाया. 3–4 मिमी कमी पडली तर स्पोक निपलमध्ये पुरेसा धरत नाही, जास्त झाली तर आटे संपतात आणि ताण देताच येत नाही.

मोजलेली मापं : समोरासमोरच्या निपलच्या बसक्या टोकांमधलं अंतर 602 मिमी, म्हणून त्रिज्या 301. हबच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास 45, त्रिज्या 22.5. हबच्या मध्यापासून उजवी कड 20 मिमी, डावी 35 मिमी. प्रत्येक स्पोक इतर तीन स्पोकांना ओलांडतो. प्रत्येक कडेला 18 भोकं, म्हणून कोन = 360 × 3 ÷ 18 = 60°.

दहावीच्या भूमितीत लघुकोन असलेल्या त्रिकोणासाठी पायथागोरसच्या प्रमेयाचं उपयोजन आहे. तेच इथे वापरायचं. 60° असल्याने 22.5 चा प्रक्षेप 11.25.

301² + 22.5² − 2 × 301 × 11.25 = 90601 + 506.25 − 6772.5 = 84334.75

आता कडेचं अंतर पायथागोरसनेच मिळवा :
उजवीकडे 84334.75 + 20² = 84734.75, वर्गमूळ 291.1
डावीकडे 84334.75 + 35² = 85559.75, वर्गमूळ 292.5

हबच्या भोकाची निम्मी रुंदी 1.3 वजा केली की उजवीकडे साधारण 290 आणि डावीकडे 291 मिमी.

वर्ग म्हणाला, "एवढं करून फरक एका मिलिमीटरचा?" लांबीत फरक थोडा, पण ताणात मोठा. रिम मध्यभागी राहण्यासाठी डाव्या बाजूचा ताण उजव्याच्या 20 ÷ 35, म्हणजे सुमारे 57 टक्केच ठेवावा लागतो. उजवीकडे 110 किलो असेल तर डावीकडे 63. म्हणूनच मागच्या चाकात डावे स्पोक आधी सैल पडतात. पुढच्या चाकाला दोन्ही कडा सारख्या अंतरावर, म्हणून तिथे हा त्रास नाही.

पुढे काय झालं?

काकांनी दोन्ही चाकं बांधली. दुकानातून निघताना म्हणाले, "सर, पंधरा दिवस चालवा आणि परत आणा. तेव्हा खरा आऊट काढू." नवे स्पोक आपल्या जागी बसताना ताण थोडा उतरतो, म्हणून ही दुसरी फेरी टाळू नये. मी वेळेवर गेलो. सगळा पावसाळा गेला, एकही स्पोक तुटला नाही. मुलगी मात्र महिनाभर कॅरिअरवर बसायला तयार नव्हती. शेवटी तिनेच स्पोक छेडून पाहिले, "सगळे सारखे वाजतात" म्हणाली आणि बसली.

पालकांसाठी : मुलांच्या सायकलचा स्पोक तुटला तर तो एकटा बदलून थांबू नका. बाकीच्यांचा ताण तपासून घ्या. दुसऱ्यांदा तुटला तर मिस्त्रींना चाक पूर्ण सैल करून पुन्हा ताणायला सांगा. पैसे मोजकेच असतील तर महागड्या हबऐवजी चांगले स्पोक आणि चांगली मजुरी यावर खर्च करा.

सरावासाठी :
1. घरच्या सायकलच्या दोन्ही चाकांचे स्पोक मोजा. संख्या वेगळी असल्यास कारण लिहा.
2. पुढच्या चाकात एकही स्पोक दुसऱ्याला न ओलांडता सरळ लावला, तर त्रिज्या 301 व 22.5 आणि कडेचं अंतर 35 असताना लांबी किती? (उत्तर : सुमारे 279 मिमी. असं बांधायला हब योग्य आहे का, हे आधी पाहावं.)
3. तुमच्या घरी सायकलवर किती ओझं असतं आणि रस्ता कसा आहे? त्यावरून चाकाचे पाच भाग निवडा आणि प्रत्येकाचं एक कारण द्या.