यारी का झुकली?

बंदरावर किंवा उंच इमारतीच्या बांधकामावर यारी, म्हणजे क्रेन, तुम्ही पाहिली असेलच. तशीच एक छोटी यारी सुट्टीत मी आणि माझ्या भाचीने मिळून तयार केली. भाची सहावीत आहे. साहित्य होते माझ्या लहानपणीच्या मेकॅनो संचाचे. कृतीची पुस्तिका केव्हाच हरवलेली होती, त्यामुळे सगळे आपल्याच डोक्याने करायचे होते. यारी एकदा नव्हे, दोनदा बिघडली. त्या दोन बिघाडांतून आम्ही जे शिकलो, ते येथे सांगणार आहे.

आधी या संचाविषयी थोडेसे. इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरात फ्रँक हॉर्नबी नावाचा एक कारकून राहत असे. आपल्या मुलांना खेळायला तो पत्र्याच्या पट्ट्या कापून पूल, यारी असे नमुने करून देई. दर खेळण्यासाठी नवे भाग कापण्यापेक्षा सगळ्या पट्ट्यांना सारख्याच अंतरावर भोके पाडली, तर तेच भाग पुनःपुन्हा वापरता येतील, असे त्याच्या लक्षात आले. १९०१ साली त्याने या कल्पनेचे पेटंट घेतले. पुढे १९०७ साली या संचाला 'मेकॅनो' हे नाव मिळाले. त्यातील शेजारशेजारच्या दोन भोकांच्या मध्यबिंदूंमधील अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मि.मी. असते. हा आकडा ध्यानात ठेवा.

आता आमच्या यारीकडे वळू. पायासाठी एक आडवी पट्टी घेतली. तिच्या टोकाच्या भोकात २५ भोकांची लांब पट्टी खांब म्हणून उभी बसवली. बोल्ट आवळला तरी खांब डावीउजवीकडे डुलत होता. "याला तिरका आधार हवा," मी म्हणालो. चार पट्ट्यांचा चौकोन कोपऱ्यात दाबला की तिरपा होतो, कारण बाजू न बदलता त्याचे कोन बदलू शकतात. त्रिकोणाचे तसे नाही. तीन बाजू ठरल्या की तिन्ही कोनही ठरतात. पूल, विजेचे मनोरे, छपराच्या कैच्या यांत जिकडे तिकडे त्रिकोण दिसतात ते यामुळेच.

खांब ताठ उभा राहायला पायथ्याशी काटकोन हवा. मी भाचीला गवंड्यांची युक्ती सांगितली. घराचा पाया आखताना गवंडी दोरीने ३, ४ आणि ५ फूट बाजूंचा त्रिकोण आखतात. ३² + ४² = ५² असल्याने ३ आणि ४ या बाजूंमधील कोन बरोबर काटकोन होतो.

तिने लगेच कामाला सुरुवात केली. पायाच्या पट्टीचे तिसरे भोक, खांबाचे चौथे भोक आणि आधाराला ५ भोकांची पट्टी. बोल्ट घट्ट आवळले. खांब आता डुलेना, पण तो चक्क मागे झुकलेला होता! शेंडा जवळजवळ ३ इंच बाजूला गेला होता.

"पट्टी जुनी आहे, वाकली असेल," असे म्हणून मी पेचकस घेण्यासाठी हात पुढे केला. ती म्हणाली, "मामा, थांब. तू नको सोडवूस. मला बघू दे." तिने फूटपट्टी आणली आणि पायाच्या पट्टीवर पहिल्या भोकापासून तिसऱ्या भोकापर्यंतचे अंतर मोजले. ते १ इंच भरले. "तीन अर्धे इंच म्हणजे दीड इंच व्हायला हवं ना? मग इथं एकच कसा?" थोडा वेळ ती पट्टीवरून बोट फिरवत राहिली. मग एकदम म्हणाली, "मामा, मी भोकं मोजली. मोजायला हवी होती मधली अंतरं!"

पट्टी वाकलेली नव्हती. वाकडा होता तो माझा तर्क. पेचकस मी घेतला असता, तर मी चांगली पट्टी 'सरळ' करीत बसलो असतो आणि तिच्या हातून एक छान शोध निसटला असता.

तिचा शोध नीट तपासून पाहू. तिसऱ्या भोकापर्यंत अंतरे २ असतात, चौथ्यापर्यंत ३ आणि ५ भोकांच्या पट्टीत ४. म्हणजे तिचा त्रिकोण ३, ४, ५ चा नव्हता, तर २, ३, ४ चा होता. २² + ३² = १३; पण ४² = १६. समोरची बाजू काटकोनाला लागते त्यापेक्षा लांब असल्याने कोन विशालकोन झाला. तो सुमारे १०४½ अंश भरतो. दुरुस्ती सोपी होती. पायाचे चौथे भोक, खांबाचे पाचवे भोक आणि ६ भोकांची पट्टी. खांब ताठ उभा राहिला.

दुसरा बिघाड ओझे उचलण्याचा. दोऱ्याचे रिकामे रीळ एका आसावर बसवून त्यावर दोरी गुंडाळली आणि आसाला हातदांडा लावला. रिळाची त्रिज्या १ सें.मी., हातदांडा ३ सें.मी. विहिरीवरच्या रहाटाचेच हे तत्त्व. त्रिज्या तिप्पट, म्हणून बल एक तृतीयांश पुरते. डब्यात वाळू भरून वजन १८० ग्रॅम केले. घर्षण सोडून दिले, तर ६० ग्रॅम भाराइतक्या बलाने डबा वर येतो. तो आलाही, पण हात सोडताच धाडकन खाली आदळला आणि वाळू घरभर झाली.

मग हातदांड्याच्या आसावर १९ दात्यांचे व रिळाच्या आसावर ५७ दात्यांचे चाक बसवले. दोन आसांमधील अंतर बरोबर १ इंच, म्हणजे दोन अंतरे. पुन्हा अंतरेच! लहान चाकाच्या ३ फेऱ्यांत मोठ्या चाकाची १ फेरी होते. आता २० ग्रॅम पुरतात, पण फेरे तिप्पट घालावे लागतात. जे बलात वाचते ते अंतरात फेडावे लागते. यंत्र फुकट काही देत नाही. हात सोडल्यावर डबा पुन्हा पडलाच, फक्त जरा सावकाश.

शेवटी लहान चाकाच्या जागी मळसूत्री आटे असलेली दांडी, म्हणजे वर्म, बसवली. तिच्या एका फेरीत ५७ दात्यांचे चाक एकच दाता सरकते. डबा २० सें.मी. वर न्यायला सुमारे १८१ फेरे लागले. भाचीने ते सगळे मोजले. मग हात सोडला. डबा जागच्या जागी! रिळाकडून चाक फिरवू पाहिले, तरी ते हलेना. वर्मच्या आट्यांचा उतार इतका मंद असतो, की चाकाचा दाता आट्यावर रेटला तरी तेथील घर्षण दांडीला फिरू देत नाही. एरवी ज्या घर्षणाला आपण नावे ठेवतो, तेच येथे डबा धरून ठेवते. गिटारच्या तारा ताणून राहतात त्या याच युक्तीने.

अशा खेळण्याला कमी लेखू नका. १९३४ साली मँचेस्टर विद्यापीठात डग्लस हार्ट्री आणि आर्थर पोर्टर यांनी मेकॅनोचे भाग वापरून अवघड समीकरणे सोडवणारे यंत्र उभारले होते.

तुमच्याजवळ संच नसेल तर जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापा. त्यांना २ सें.मी. अंतरावर भोके पाडा आणि छोटे नट-बोल्ट लावून त्रिकोण व चौकोन करा. दाबून पाहा, कोणता डळमळतो? मग हे प्रश्न सोडवा :

१. ५, १२, १३ चा काटकोन त्रिकोण करायचा आहे. तिन्ही पट्ट्यांत पहिल्या भोकाशिवाय कितव्या भोकात बोल्ट बसवाल?

२. १०० मीटर रस्त्यावर दोन्ही टोके धरून दर १० मीटरवर एक खांब रोवायचा आहे. खांब किती लागतील? हा प्रश्न आमच्या झुकलेल्या यारीचा सख्खा भाऊ का आहे?

शिक्षकांना आणि घरातील मोठ्यांना एकच विनंती. मुलांनी केलेले यंत्र चालले नाही, तर पेचकस त्यांच्याच हातात राहू द्या. बिघाड आपण काढला की यंत्र दुरुस्त होते. तो मुलांनी शोधला की त्यांना यंत्र कळते.